देव बघत नसेल तर लबाडी का करू नये?

निमित्तमात्र (धागाकर्ता)

परवा दुपारी घरात एक प्रसंग घडला, तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे.

मुलगी सात वर्षांची. एकटीच सापशिडी खेळत होती. लाल सोंगटी तिची आणि निळीही तिचीच. मी दाराआडून बघत होतो. लाल शेवटच्या ओळीत पोचली आणि नेमकी सापाच्या तोंडात. तिनं मागे वळून बघितलं, खोलीत कुणी नाही याची खात्री केली, फासा उचलला आणि परत टाकला. चार पडले. लाल सुटली.

मी आत जाऊन विचारलं, "हे काय गं?" जराही न ओशाळता म्हणाली, "आई म्हणते देव बघतो. तू म्हणतोस देव नाहीये. मग कोण बघत होतं?"

मी म्हटलं, "अगं, पण निळ्याला वाईट वाटेल ना!"

"निळा पण मीच आहे."

मी गप्प. बायको श्रद्धाळू, मी नास्तिक, त्यावरून आमच्यात कधी वाजलं नाही. पण त्या दिवशी तिनं आतून नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला अजून टोचतंय.

तर प्रश्न असे: नीती श्रद्धेवर उभी असते का? श्रद्धा काढून घेतली तर खाली काय उरतं? आणि खरा प्रश्न, मुलीला सांगू काय? पहिल्या दोनवर खुशाल काथ्याकूट करा, तिसऱ्यावर मदत करा.

भाबडा

बायकोचं ऐका. यावर आस्तिक-नास्तिक दोघांचं एकमत आहे. :)

शंकासुर

"देव बघतो म्हणून लबाडी करू नको" ही नीती नव्हे, ही पोलिसाची भीती. चौकातला हवालदार जेवायला गेला की सिग्नल तोडायचा, त्यातलाच प्रकार. मुलीनं तुम्हाला फसवलेलं नाही, उलट तुमच्या घरातल्या तर्कातली फट बरोबर दाखवली.

हा वाद चोवीसशे वर्षं जुना आहे. युथिफ्रो नावाचा एक गृहस्थ स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला निघाला होता आणि आपण करतोय ते देवांना पसंतच आहे अशी त्याची बालंबाल खात्री होती. न्यायालयाच्या दारात सॉक्रेटिस भेटला. त्यानं विचारलं, देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट पवित्र होते, की ती पवित्र असते म्हणून देवांना आवडते? पहिलं म्हणालात तर उद्या देवाची आवड बदलली की क्रौर्यही पुण्य. दुसरं म्हणालात तर चांगलं-वाईट देवाच्या आधीपासूनच आहे, मग देव हवा कशाला? युथिफ्रो फिरून फिरून पहिल्या जागी आला आणि शेवटी काम आहे म्हणून सटकला.

गंमत म्हणजे सॉक्रेटिस तिथे आला होता तो स्वतःवरच्या खटल्यासाठी. आरोप काय, तर नगराचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो. निमित्तमात्र, तुम्ही चांगल्या रांगेत आहात.

भाबडा

त्या रांगेच्या शेवटी विषाचा प्याला आहे हेही सांगा की त्यांना.

सावकाश

शंकासुर, हा पेच मांडायला झकास आहे, पण तो देवाला बाहेरचा हुकूम सोडणारा अधिकारी समजतो. बऱ्याच श्रद्धावंतांचं उत्तर असं की चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे. दिवा आधी की उजेड आधी, असं विचारण्यात काय अर्थ?

पण मला वाद घालायचा नाही, अनुभव सांगायचा आहे. मी श्रद्धाळू आहे. काय बरोबर नि काय चूक हे मला नास्तिकाइतकंच कळतं, त्यासाठी पोथी उघडावी लागत नाही. अडतं ते करताना. सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलत नव्हतो. कारण सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही माझीच बाजू घ्याल. रोज संध्याकाळी प्रार्थना करताना घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची सवय, त्याचं तेवढं गाळून. इतकी वर्षं बिनबोभाट गाळलं. एका संध्याकाळी गाळायच्या जागी जीभ अडखळली. पुढचं नाव येईना. तसाच उठलो आणि फोन लावला.

फोन करायला हवा हे अकरा वर्षं माहीत होतंच. नास्तिक मित्रानंही दहादा सांगितलं होतं. पण उठवलं त्या अडखळण्यानं. आता याला मानसशास्त्र म्हणा नाहीतर कृपा.

शंकासुर

सावकाश, हे मनापासून आवडलं. पटलं नाही, पण आवडलं.

चष्मा

लोकांना काय वाटतं याचे आकडे उपलब्ध आहेत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेनं २०१९ मध्ये ३४ देशांत विचारलं होतं की नीतिमान असायला देवावर विश्वास असणं गरजेचं आहे का. हो म्हणणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ४५ टक्के, म्हणजे निम्मे देश त्याच्या वर, निम्मे खाली. पण देशागणिक फरक प्रचंड: इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये ९६ टक्के, भारतात ७९, स्वीडनमध्ये ९. साधारणपणे देश जितका श्रीमंत तितकं हे प्रमाण कमी.

आता स्वीडनमधले ९१ टक्के लोक एकमेकांना लुबाडत सुटलेत असं काही ऐकिवात नाही. पण लगेच टाळ्या वाजवू नका. तिथली न्यायालयं, शाळा, पेन्शन हे सगळं धड चालतं, त्यामुळे वर कुणी बघणारा असावा अशी निकड तितकी भासत नसेल. जिथे खालचं कुणीच बघत नाही तिथे माणूस वर बघणारच.

आडवाटेचा

आकडेच हवेत तर हे घ्या. २०१५ मध्ये सहा देशांतल्या हजाराहून अधिक मुलांवर एक अभ्यास झाला. मुलांना स्टिकर दिले आणि अनोळखी मुलाला किती देता ते पाहिलं. धार्मिक घरातली मुलं कमी देतात असं निघालं! निमित्तमात्र, छाती पुढे काढून बायकोला दाखवा.

चष्मा

नका दाखवू. तो निबंध २०१९ मध्ये मागे घेतला गेला.

चूक वाचण्यासारखी आहे. देशांना ओळखीसाठी क्रमांक दिले होते, एक, दोन, तीन असे. विश्लेषणात ते क्रमांक नुसती लेबलं न राहता खरे आकडे म्हणून हिशेबात गेले, म्हणजे जणू दोन नंबरचा देश हा एक नंबरच्या देशाच्या दुप्पट! दुसऱ्या एका संशोधकानं मूळ आकडे मागवून हिशेब नीट केला, तर मुख्य निष्कर्ष उडाला. फरक होता तो प्रामुख्यानं देशादेशांतला. मूळ निबंधाची बातमी जगभर झाली होती, मागे घेतल्याची मात्र कोपऱ्यात.

पण लेखकांनी मूळ आकडे तपासायला दिले आणि चूक कबूल केली, हेही सांगायला हवं.

आडवाटेचा

बरं. निबंध मागे, प्रतिसादही मागे. छाती आत.

उंटावरचा शहाणा

अजून स्टालिन कसा आला नाही? पन्नास प्रतिसादांच्या आत स्टालिन, त्यावर उतारा म्हणून धर्मयुद्धं, मग पोल पॉट, मग इन्क्विझिशन, मग संपादक. मी आपला कोपऱ्यात जागा धरून बसतो.

झणझणीत

आलाच म्हणून समजा. स्टालिन नास्तिक होता, त्यानं

*(प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि त्यावरचे सात उपप्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. विषयाला धरून लिहा. : संपादक)*

उंटावरचा शहाणा

अर्ध्या वाक्यात! विक्रम आहे हा.

रातराणी

एवढ्या तत्त्वज्ञानात माझं छोटंसं. मी नर्स आहे, सतरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी नाइट.

बेशुद्ध पेशंटची दर २ तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. पहाटे ३ वाजता वॉर्डात डॉक्टर नसतो, नातेवाईक बाहेर बाकावर झोपलेले, पेशंटला शुद्ध नाही. चार्टवर टिक करून खुर्चीत डोळे मिटले तर कुणाच्या बापाला कळत नाही. ही तुमची सापशिडीच, फक्त निळी सोंगटी दुसऱ्याची असते.

माझ्याबरोबरची एक सिस्टर कूस बदलताना नामस्मरण करायची. जप चालू, हात चालू, चादरीची सुरकुतीसुद्धा ओढून सरळ करणार. दुसरी एक, देवधर्म काही नाही, तीही तितकीच चोख. आणि तिसरी, गळ्यात माळ, सगळे उपास, तिच्या चार्टवरच्या टिका इतक्या एकसारख्या की एका दमात केलेल्या दिसायच्या.

मी कुठे बसते? सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री मीही टिक करून बसले होते. एकदा नाही, दोनदा. दोन दिवसांनी ड्रेसिंग करताना त्या आजोबांच्या पाठीवर खाली लाल चट्टा दिसला, मधे कातडी सोललेली. माझ्याच दोन टिकांमुळे झालं असं सिद्ध करता येणार नाही. कुणी विचारलंही नाही. पण त्यानंतर एकही टिक खोटी केली नाही. देवाचं म्हणाल तर त्या आधीही मानत होते, आताही मानते, त्यात काही फरक नाही. फरक पडला तो पाठ बघितल्यावर.

सावकाश

ताई, हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही.

गणिती

रातराणी यांचा अनुभव एका जुन्या प्रयोगाशी जुळतो. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक व्हायला शिकणारे ४० विद्यार्थी, निबंध १९७३ चा. प्रत्येकाला दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. काहींचा विषय होता, रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या समॅरिटनची बायबलमधली कथा. वाटेत एक माणूस दारात कोसळून खोकत, कण्हत असलेला, अर्थात ठरवून बसवलेला. निघताना काहींना सांगितलं की उशीर झालाय, पळा. काहींना म्हटलं, वेळ आहे अजून.

घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, बेताच्या घाईतल्या मधल्या गटातले ४५ टक्के, घाईतले १० टक्के. समॅरिटनवर बोलायला निघालो आहोत यानं लक्षणीय फरक पडला नाही. धर्म कोणत्या वृत्तीनं मानतात, यावरूनही कोण थांबेल ते सांगता आलं नाही. माणसं ४० च, तेव्हा फार ताणू नये. पण मदतीवर बोलायला धावताना मदत मागणाऱ्याला वळसा घालून जाणारा तो भावी उपदेशक डोळ्यासमोरून हलत नाही.

रातराणी

घाई म्हणताय ते शंभर टक्के. एका सिस्टरकडे सहा पेशंट असले की सगळ्या धर्मात्मा, पंधरा झाले की सगळ्या टिकवाल्या. नीतीवर व्याख्यानं ठेवण्यापेक्षा माणसं वाढवा म्हणावं.

चष्मा

गणिती, याचीच दुसरी बाजू. २००७ च्या एका प्रयोगात लोकांना शब्दकोड्यात गुपचूप देवाशी संबंधित शब्द दिले, तर त्यांनी अनोळखी माणसाला जास्त पैसे दिले. मजा पुढे आहे. देवाऐवजी पोलीस, ज्यूरी, करार असले शब्द दिले तरी परिणाम जवळपास तेवढाच! पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा देवाच्या शब्दांचा परिणाम नेहमी दिसला नाही, त्यामुळे मीही हे चिमटीत धरूनच सांगतोय.

गणिती

आणि माकडांना विसरू नका. २००३ मध्ये कापुचिन माकडांवर प्रयोग झाला. एकच काम, पण शेजारच्या माकडाला द्राक्ष आणि आपल्याला काकडी असं दिसलं की काकडी नाकारतात. माकडांना धर्मग्रंथ नाही, अन्याय मात्र कळतो.

उंटावरचा शहाणा

माकड चिडलं ते स्वतःला कमी मिळालं म्हणून. द्राक्षवाल्यानं द्राक्ष परत केलं असतं तर मी नीती म्हणालो असतो. नाहीतर पगारवाढीच्या दिवशी आमचं अख्खं ऑफिस संतपदाला पोचलेलं असतं.

पाटीपेन्सिल

मला वाटतं अर्धा घोळ आपल्या भाषेत आहे, आणि तो घोळ उपयोगी आहे. इंग्रजीत रिलिजन वेगळा, ड्यूटी वेगळी. आपल्याकडे 'धर्म' एकच. शेजारधर्म म्हणताना शेजारी कुठल्या देवाचा हे कुणी विचारत नाही. राजधर्म, पुत्रधर्म, वाहणं हा पाण्याचा धर्म. दारावर येऊन "धर्म करा" म्हणणारा दीक्षा घ्या म्हणत नाही, काहीतरी द्या म्हणतो. त्यामुळे "नीती धर्मावर अवलंबून आहे का" हे मराठीत विचारलं की निम्मे लोक ऐकतात "कर्तव्य कर्तव्यावर अवलंबून आहे का", आणि मान डोलावतात. उरलेले ऐकतात "देवळात जायला हवं का", आणि भांडतात.

जुनंपुराणं

पाटीपेन्सिल यांना दाद. त्यात भर घालतो, कारण इथे सगळे श्रद्धा म्हणजे ईश्वर धरून चाललेत. पूर्वमीमांसा या वैदिक दर्शनाचे पंडित पाहा. वेदविहित कर्माबाबत यांच्याइतके काटेकोर कुणी नाहीत, पण जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत. कुमारिल भट्टानं सातव्या शतकात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचा चांगला समाचार घेतलाय: देहच नव्हता तर इच्छा कुठून आली, आणि दुःखानं भरलेलं जग कुणी कशाला निर्माण करील? जैनांकडेही सृष्टिकर्ता नाही, कर्माचं फळ कर्मच देतं, मधे न्यायाधीश लागत नाही. बुद्धाचे पंचशील कुणा ईश्वराची आज्ञा म्हणून नाहीत, ते स्वतःहून घ्यायचे नियम आहेत. म्हणजे "वर कुणी बघणारा नाही, तरी नियम कडक" ही परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. ती धर्मातलीच आहे. निमित्तमात्र आणि त्यांची सौ. दोघांनाही थोडी थोडी गैरसोयीची.

वकिली बाणा

"वर कुणी नाही मानणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का" हा प्रश्न कायद्यानंही चघळलाय. जॉन लॉक, सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता, पण १६८९ मध्ये त्यानंही नास्तिकांना वगळलं. म्हणे वचन, करार, शपथ यांचं बंधन त्यांना राहत नाही. त्याच्या काही वर्षं आधी, १६८२ मध्ये, पिएर बेल या फ्रेंच माणसानं, धूमकेतूवर लिहिता लिहिता, नास्तिकांचा समाजही सभ्यपणे नांदू शकेल असं म्हणून ठेवलं होतं.

आणि चार्ल्स ब्रॅडलॉ. १८८० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. नास्तिक, म्हणून ईश्वराच्या शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या म्हणाला. नाही म्हटलं. बरं, मग शपथ घेतो म्हणाला, तर तुझ्यावर शपथ बंधनकारक नाही म्हणून तेही नाही! मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलं, शेवटी १८८६ मध्ये बसू दिलं. १८८८ मध्ये त्याच्याच प्रयत्नानं शपथेऐवजी प्रतिज्ञेचा कायदा झाला. आता विचार करा, माणूस खोटारडा असता तर पहिल्याच दिवशी मुकाट शपथ घेऊन खुर्चीत बसला असता. अडकला तो खरं बोलला म्हणून.

सावकाश

वकीलसाहेब, उदाहरण चोख. पण दुसऱ्या पारड्यातही काही टाका. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७८७ मध्ये लंडनला समिती स्थापन झाली तेव्हा १२ पैकी ९ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. प्रत्येक माणसात ईश्वरी अंश आहे असं खरोखर मानणारी माणसं. तेव्हा व्यापारात पैसा होता, कायदा व्यापाऱ्यांच्या बाजूनं होता.

शंकासुर

आणि गुलाम बाळगणारेही त्याच बायबलमधली वचनं काढून दाखवत होते. एकाच ग्रंथातून कुठलं वचन उचलायचं हे कशानं ठरलं? ग्रंथानं नक्कीच नाही.

सावकाश

मान्य. पण उचलल्यावर वीस वर्षं चिकाटीनं धरून ठेवायला कुठूनतरी बळ लागतं, १८०७ मध्ये व्यापारबंदीचा कायदा होईपर्यंत. मी आपला पुन्हा त्या अडखळण्यापाशी येतो.

मी_काकू

अरे, तुम्ही सगळे विद्वान, पण पटाकडे कुणी बघितलंच नाही! सापशिडी मुळात नीती शिकवायलाच होती. मोक्षपट, ज्ञानचौपड. शिडीच्या पायथ्याशी दया, भक्ती, दान असले गुण, सापाच्या तोंडाशी क्रोध, लोभ, मत्सर. वर मोक्ष. इंग्रजांनी १८९० च्या दशकात तिकडे नेली, त्यांचे सद्गुण घातले, आणि पुढे कधीतरी शब्द गळून नुसते साप उरले.

पण मला लहानपणापासून यात एक खटकतं. फासा आपल्या हातात असतो का? लोभाच्या घरात गेलात ते लोभ केला म्हणून नाही, तीन पडले म्हणून! काही न करता साप गिळणार. हे पोरीला अन्यायाचं वाटलं असेल तर ती लबाड नाही, तिला नीतीची जाण जास्तच आहे. रागवू नका तिला.

उंटावरचा शहाणा

काकूंनी धागा जिंकला. कुलूप लावा.

निमित्तमात्र (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. सगळे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. रातराणीताईंचा वाचताना तिनं मला थांबवलं आणि स्वतः पुन्हा वाचला. सावकाश यांचा मी दोनदा वाचला, तिला न सांगता.

मुलीला काहीच सांगितलं नाही, सुचलंच नाही. काकूंचं ऐकून फक्त विचारलं, "साप चावला की काय वाटतं?" म्हणाली, "मी काहीच केलं नव्हतं." मग मी म्हटलं, "निळ्यानं तरी काय केलं होतं?" त्यावर बराच वेळ शांतता. दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर पेन्सिलीनं नियम लिहून पटाशेजारी ठेवला: "साप आला तर एकदा परत टाकायचं. लालनी पण. निळानी पण." तेव्हापासून एकटी असली तरी तो पाळते. मी दाराआडून बघितलंय. (हो, हेरगिरी मीच करतोय, देव नाही.)

बायको म्हणाली, "बघ, पण देव बघतोच." तर मुलीनं डब्यातून हिरवी सोंगटी काढून पटावर ठेवली. नुसतं बघत बसून कंटाळत असेल, त्यालाही खेळू दे म्हणे. आता देवाचा फासा कोणी टाकायचा यावर मायलेकींचं एकमत होत नाहीये. आई म्हणते मी टाकते, मुलगी म्हणते, नको, तू त्याला जिंकवशील. सध्या तिनं ते काम मला दिलंय. कारण विचारलं तर म्हणाली, "तुला तो आवडत नाही ना, म्हणून."

शंकासुर

नास्तिकाच्या हाती देवाचा फासा. युथिफ्रो परत या, सगळं माफ.

रातराणी

हिरवीला साप चावला तर तिलाही परत टाकायला मिळणार का?

निमित्तमात्र (धागाकर्ता)

विचारलं. नियमात हिरवीचं नाव नाहीये म्हणाली. वही शोधतेय.